एकोणीस नंबरची बस

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला चुलतभावाची व्हॉइस नोट आली. चार मिनिटांची. आमच्या घरात एवढी मोठी व्हॉइस नोट म्हणजे कुणाचं तरी लग्न जमलेलं असतं, नाहीतर कुणाला तरी पैसे हवे असतात. यात दोन्ही नव्हतं. "ताई, ॲबर्डीनची ॲडमिशन आली. रिन्युएबल एनर्जी. मी पण हायड्रोजनवरच थिसिस करणार, तुझ्यासारखा. बावीस लाखांचं लोन होतंय. पप्पा घर तारण ठेवायला तयार आहेत. तू फक्त हो म्हण."

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. 'उद्या बोलते' एवढा मेसेज टाकला आणि गच्चीवर जाऊन बसले.

आमच्या गच्चीवरून ओएनजीसीच्या प्लांटची ज्योत दिसते. उरणमध्ये वाढलेल्या माणसाला ती चंद्रासारखी सवयीची असते. पावसाळ्यात ढगांवर तिचा तांबूस उजेड पडतो. लहानपणी मला वाटायचं, ती ज्योत म्हणजे बाबांच्या ऑफिसचा दिवा. तसं ते फार चुकीचंही नव्हतं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली १९७४ साली 'सागर सम्राट' जहाजाने तेल शोधलं, तेच बॉम्बे हाय. तिथून तेल आणि गॅस समुद्राखालच्या पाइपातून उरणला येतो. बाबा तिकडे प्लॅटफॉर्मवर क्रेन चालवायचे, कंत्राटी. १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. शाळेत कुणी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर मी सांगायचे, "हेलिकॉप्टरने कामाला जातात." वर्गात एकदम वट वाढायची.

२०२१ च्या सप्टेंबरात मी ॲबर्डीनला गेले तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बाबा ज्या समुद्रातून गॅस आणायचे, तशाच एका समुद्रातून मी वारा आणणार. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये हे वाक्य मी खरंच लिहिलं होतं. आता वाचताना थोडी लाज वाटते.

ॲबर्डीन म्हणजे उत्तर समुद्राचं उरण, फक्त दगडी आणि खूप थंड. तिथेही तेलावर शहर उभं राहिलं, तिथेही घरोघरी कुणीतरी 'ऑफशोअर' असतं. आणि तिथेही आता सगळे विचारतायत, तेल संपलं की पुढे काय. समुद्रकिनाऱ्यावर गेलं की समोर पाण्यात ११ पवनचक्क्या दिसतात. सगळ्या मिळून ९३.२ मेगावॅट, २०१८ साली सुरू झालेल्या. जवळच डोनाल्ड ट्रम्पचं गोल्फ कोर्स आहे. आपल्या खेळाडूंना समुद्रात पवनचक्क्या दिसायला नकोत म्हणून तो थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये हरला. ही गोष्ट मी गावी इतक्यांना सांगितलीय की आता आजीलाही पाठ आहे.

मी टिलीड्रोनला राहायचे. तिथून १९ नंबरची बस सुटायची. निळसर डबल डेकर वगैरे काही लिहीत नाही, रंग मला नीट आठवत नाहीत. आवाज मात्र आठवतो, म्हणजे नसलेला आवाज. डिझेलची घरघर नाही, सीट थरथरत नाही. मागून धूर नाही, नुसती पाण्याची वाफ. जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या या जगातल्या पहिल्या हायड्रोजन डबल डेकर. मी पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. बाबांचा रिप्लाय: "फुटत नाय ना?"

हा प्रश्न त्यांनी गंमत म्हणून विचारला नव्हता. २७ जुलै २००५ ला बॉम्बे हायच्या एका प्लॅटफॉर्मला जहाज धडकलं, गॅसच्या पाइपाला मार बसला आणि सगळं पेटलं. २२ माणसं गेली. मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली होती, त्यामुळे ही बातमी बऱ्याच जणांच्या लक्षातही नाही. बाबांचे तेव्हा घरचे १४ दिवस चालू होते. त्या रात्रीबद्दल ते अजून बोलत नाहीत. ॲबर्डीनमध्ये हेझलहेड पार्कात पायपर आल्फाचं स्मारक आहे. १९८८ च्या जुलैमध्ये त्या प्लॅटफॉर्मवर १६७ जण गेले. बाबांना सेफ्टी ट्रेनिंगमध्ये त्याची फिल्म दाखवलेली होती. मी तिथून व्हिडिओ कॉल केला तेव्हा त्यांनी मला एकेक नाव जवळून दाखवायला लावलं. एक शब्द न बोलता बघत होते. शेवटी म्हणाले, "फुलं चांगली लावलीत."

तर हायड्रोजन फुटतो का? फुटू शकतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी तो पेट घेतो. ज्योत दिवसा जवळजवळ दिसतच नाही. पण तो इतका हलका असतो की उघड्यावर गळाला तर झटकन वर निघून जातो. एलपीजीसारखा जमिनीलगत साचून राहत नाही. म्हणजे तो शिस्तीत वापरायचा वायू आहे. बाबांना हे पटलं. शिस्त त्यांना कळते.

माझ्या थिसिसचा विषय ठरला होता: समुद्रातल्या वाऱ्यापासून शहराच्या बससाठी हायड्रोजन. कल्पना कागदावर फार सुंदर आहे. पाण्यातून वीज सोडली की पाणी फुटतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हे १८०० सालापासून माहीत आहे. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी आणि साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. समुद्राचं खारं पाणी थेट चालत नाही, क्लोरीन तयार होतो आणि यंत्र खराब होतं. पण पाणी गोडं करायला लागणारी वीज या सगळ्या हिशेबात किरकोळ. मग तो वायू ३५० बारला दाबून बसच्या टाकीत भरायचा. बसमध्ये फ्युएल सेल असतो. तो हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन परत एकत्र आणतो, वीज तयार करतो, विजेवर मोटर फिरते. मागून पाणी पडतं. समुद्रातून घेतलं ते रस्त्यावर परत.

तेव्हा १९ नंबरच्या बसमधला हायड्रोजन काही त्या ११ पवनचक्क्यांतून येत नव्हता. शहरातल्या पंपावर ग्रिडमधली वीज घेऊन पाणी फोडलं जायचं. पण पुढची पायरी जाहीर झाली होती. मी तिथे असतानाच, मे २०२२ मध्ये, ब्रिटिश सरकारने त्या ११ पैकी एका पवनचक्कीवर पाणी फोडायचं यंत्र बसवायला ९३ लाख पौंड दिले. वीज किनाऱ्यावर आणायचीच नाही. समुद्रातच हायड्रोजन करायचा आणि पाइपाने आणायचा, बॉम्बे हायच्या गॅससारखा. २०२५ पर्यंत सुरू होणार होतं. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. मला वाटलं, माझी नोकरी पक्की झाली.

मी हिशेब मांडला. आठ मेगावॅटची एक पवनचक्की. वारा कधी असतो, कधी नसतो, म्हणून सरासरी निम्मं धरलं. दिवसाला ९६,००० युनिट. किलोला ५५ युनिट धरले तर साधारण १,७४५ किलो हायड्रोजन. डबल डेकर बसला १०० किलोमीटरला ८ किलो लागतो असं मानलं तर एका दिवसात जवळजवळ २२,००० किलोमीटर. एक बस रोज २०० किलोमीटर धावते म्हटलं तर समुद्रातल्या एका पात्यांच्या खांबावर शंभराच्या वर बस. मी ही स्लाइड बनवली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत बसले.

शिवाय मी वीज फुकट धरली होती. माझा तर्क असा होता: स्कॉटलंडमध्ये जोराचा वारा असला की ग्रिडला एवढी वीज पेलत नाही. पवनचक्क्यांना थांबा म्हणून सांगितलं जातं. ऑर्कनी बेटांवर गावाने वर्गणी काढून उभ्या केलेल्या पवनचक्क्याही अशा बंद ठेवाव्या लागायच्या, कारण मुख्य भूमीकडे जाणारी केबल भरलेली. म्हणजे जो वारा नाहीतरी वाया जातो, त्याचाच हायड्रोजन करायचा. मग किंमत शून्य!

माझ्या गाइडने एक्सेल शीटमधल्या त्या शून्याभोवती पेनाने गोल केला आणि बाजूला फक्त लिहिलं: 'किती तास?'

मला प्रश्न कळायलाच दोन दिवस लागले. वर्षाचे तास ८,७६०. समजा त्यातले हजार तासच वीज अशी फुकट मिळते. म्हणजे उरलेले साडेसात हजारांवर तास ते करोडोंचं यंत्र नुसतं उभं. त्याचं कर्ज, देखभाल, माणसं सगळं चालूच. ती सगळी रक्कम त्या हजार तासांत बनलेल्या हायड्रोजनवर चढते. वीज फुकट, पण किलोचा भाव आकाशात. यंत्र वर्षभर चालवायचं म्हटलं तर वीज विकत घ्यावी लागते, आणि मग ती फुकट राहत नाही.

मी हे फोनवर घरी सांगत होते. काका तिथेच बसला होता, ज्याचा मुलगा आता ॲबर्डीनला निघालाय तोच. काकाची करंजाला बोट आहे, तीही लोनवर घेतलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट वर ओढून ठेवलेली असते, बँकेचा हप्ता मात्र चालू. तो मागून ओरडला, "फुकटची वीज म्हंजे काय गो? मासली पन फुकटच हाय दर्यान. डिझेल नि हप्ता फुकट हाय काय?"

माझ्या थिसिसचं चौथं प्रकरण म्हणजे हे वाक्य इंग्रजीत, चाळीस पानं.

दुसरा प्रश्न बाबांचा. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे विजेचा गॅस केला, गॅस बाटलीन भरला, गारीन जाऊन त्याची परत वीजच केली ना? मंग सरल वीजच का नाय भरीत?"

मी म्हटलं, बाबा, ते इतकं सोपं नसतं. मग हिशेब केला. इतकंच सोपं होतं.

१०० युनिट वीज पाणी फोडायला घेतली तर ३० ते ४० युनिट तिथेच उष्णतेत जातात. दाबायला, साठवायला आणखी काही. फ्युएल सेलमध्ये उरलेल्यातलं साधारण निम्मं. चाकापर्यंत पंचवीस-तीस पोचतात. तीच वीज तारेने आणून बॅटरीत भरली तर चाकापर्यंत सत्तर-ऐंशी पोचतात. माझ्याच पवनचक्कीचे ९६,००० युनिट घ्या, चार्जिंगची तूट १५ टक्के धरा, बॅटरीच्या डबल डेकरला किलोमीटरला १.४ युनिट धरा. ५८,००० किलोमीटर होतात. त्याच वाऱ्यावर, त्याच दिवशी. माझे २२,०००.

हायड्रोजनच्या बाजूनेही बोलायला हवं. टाकी काही मिनिटांत भरते. बॅटरीएवढं वजन वाहावं लागत नाही. थंडीत हीटर लावला की बॅटरीच्या बसची धाव कमी होते, ॲबर्डीनच्या जानेवारीत ही काही छोटी गोष्ट नाही. पण शहरातली बस रोज ठरलेल्या रस्त्याने जाते, रात्री ठरलेल्या डेपोत उभी राहते. चार्जिंगसाठी याहून सोयीचं वाहन शोधून सापडणार नाही. आणि मी नेमकं तेच वाहन निवडलं होतं.

मी थिसिसमध्ये हे सगळं लिहिलं. मार्क चांगले मिळाले. पण निष्कर्षाच्या शेवटच्या परिच्छेदात मी 'भविष्यात खर्च कमी झाल्यास' असं एक वाक्य घातलं आणि दार उघडं ठेवलं. कारण तोवर मी त्याच क्षेत्रात नोकरीला अर्ज करत होते. त्या एका वाक्याचा मला आजही त्रास होतो. ते खोटं नव्हतं. पण मला काय वाटतं ते मी लिहिलं नव्हतं, मला काय हवंय ते लिहिलं होतं.

नोकरी लागली, एका छोट्या कन्सल्टन्सीत. पुढची दोन वर्षं मी एकेक दिवा विझताना बघितला. २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनचक्कीवर हायड्रोजन करायचा प्रकल्प गुंडाळला गेला. त्याच सुमाराला पंपावर इंधन भरण्याच्या अडचणींमुळे हायड्रोजन बस रस्त्यावरून गायब झाल्या. शहरात बॅटरीच्या बस आल्या होत्या, त्या चालत राहिल्या. एके सकाळी स्टॉपवर १९ नंबर आली ती डिझेलची. घरघर करत. मी चढले, तिकीट दाखवलं, बसले. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. लोकांना कामावर जायचं होतं.

आमच्या ऑफिसात नवं काम येणं थांबलं. माझा व्हिसा संपला. मी परत आले. लोनचे हप्ते पौंडात फेडायचा हिशेब होता, ते रुपयांत फेडायला लागले. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

आता मी उरणहून लोकलने बेलापूरला जाते. प्रोसेस सेफ्टीचं काम करते. कुठे काय गळू शकतं, गळलं तर किती दूरपर्यंत जाईल, कुठला व्हॉल्व्ह आधी बंद व्हायला हवा. बाबा म्हणतात, शेवटी माझ्याच कामाला आलीस.

या कामातच मला एक गोष्ट कळली, जी मला बारावीतच कळायला हवी होती. एकदा थळच्या खत कारखान्याचा विषय निघाला. अलिबागजवळचा, आरसीएफचा. आमच्याकडची कितीतरी माणसं तिथे कामाला होती. हा कारखाना बॉम्बे हायच्या गॅसवर उभा राहिला. त्या गॅसचं तिथे काय होतं? त्यातून हायड्रोजन काढतात. हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन मिळून अमोनिया, अमोनियापासून युरिया. म्हणजे बाबा १४-१४ दिवस जो गॅस समुद्रातून आणायला राबत होते, त्यातला काही आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर आधीपासूनच हायड्रोजन होत होता. मी हायड्रोजन शोधायला सात समुद्र ओलांडून गेले आणि तो मामाच्या भातशेतीत युरियाच्या गोणीत होता.

गॅसपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशात वर्षाला पन्नास लाख टनांच्या आसपास हायड्रोजन लागतो, बहुतेक सगळा रिफायनऱ्यांना आणि खत कारखान्यांना. इथे बाबांचा प्रश्न लागू पडत नाही. 'सरळ वीजच का नाही भरत' असं युरियाला म्हणता येत नाही. त्याला हायड्रोजनच लागतो. बसला पर्याय आहे, गोणीला नाही.

आणि हे काही नवीन नाही. पंजाबात नांगलला १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन करायचे आणि त्याचं खत. ग्रीन हायड्रोजन हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी. पुढे त्या विजेला दुसरी गिऱ्हाइकं मिळाली आणि कारखाना दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळला. वीज कुणाला द्यायची, हा प्रश्न तेव्हाही होता.

आपल्याकडे आता या सगळ्याची सुरुवात होतेय. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना आली, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी ५००-५०० मेगावॅट. आपला किनारा त्यात नाही. मार्च २०२५ मध्ये ३७ हायड्रोजन बस आणि ट्रकची चाचणी मंजूर झाली, त्यात पुणे-मुंबई रस्ताही आहे. खंडाळ्याच्या घाटात लादलेला ट्रक हायड्रोजनवर कसा चढतो, हे मलाही बघायचंय. तिथे कदाचित उत्तर वेगळं येईल. पण ज्या दिवशी तो ट्रक माझ्या समोरून जाईल, त्या दिवशी मी व्हिडिओ काढायच्या आधी विचारीन: याच्यात जी वीज गेली, ती दुसरीकडे किती कामाला आली असती?

भावाला मी दुसऱ्या दिवशी सहा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. त्यात नाही म्हटलं नाही. म्हटलं, जायचं असेल तर जा, पण हायड्रोजन 'भविष्य' आहे म्हणून जाऊ नकोस. अमोनिया शीक, दाबाखालचे वायू शीक, पाणी फोडायचं यंत्र उघडून परत जोडायला शीक. समुद्रातल्या पवनचक्कीवर चढायला शीक, ती वीज बसमध्ये जावो नाहीतर खतात. गाडी कोणतीही जिंकली तरी हे लागणारच आहे. आणि घर तारण ठेवण्याआधी इथे एक वर्ष नोकरी कर. नंतर थांबले, आणि जे आधी ठरवलं नव्हतं तेही सांगितलं: माझ्या लोनचे अजून किती हप्ते बाकी आहेत, महिन्याला किती जातात, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्यातले किती बाबांनी भरले. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

काका रविवारी बोंबील घेऊन आला. बाबांशी बोटीच्या इंजिनावर बोलत बसला. घराचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "पोरगा तुजी नोट परत परत ऐकतंय."

निळ्या टिक त्याच दिवशी आल्या होत्या. उत्तर अजून आलेलं नाही.